पिंग होतंय, पण फोल्डर उघडत नाही: फायरवॉलमधला दोष कसा शोधावा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात डिझाइनच्या फायली उबंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) एका मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवतात. बाकीची मशीनं सांबामार्फत (नेटवर्कवर फोल्डर वाटून देणारं सॉफ्टवेअर) त्या उघडतात. एका सकाळी कोणालाच फोल्डर उघडेना. मालक म्हणाले, "फायरवॉलच बंद करून टाका की!" तसं करू नका. फायरवॉल म्हणजे कोणाला आत सोडायचं ते नियमांनी ठरवणारा मशीनचा पहारेकरी. काम सुरू होईल, पण कोणता नियम आडवा आला ते कळणार नाही, आणि बंद केलेली फायरवॉल सहसा बंदच राहते.

(कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.)

आधी सर्व्हरला पिंग करा, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून हाक मारून तो उत्तर देतो का ते बघा. उत्तर नाही आलं तर केबल, पत्ता आणि राउटरमधलं 'एपी आयसोलेशन' (वायफायवरची मशीनं एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) बघा. उत्तर आलं तरी फायरवॉल निर्दोष ठरत नाही. उबंटूची फायरवॉल यूएफडब्ल्यू मुळातच पिंगला आत सोडते, पोर्ट (प्रत्येक सेवेचं क्रमांकाचं दार) मात्र अडवते.

मग सर्व्हरवर 'सुडो एसएस -टीएलएनपी' चालवा. कोणती सेवा कोणत्या पोर्टवर वाट बघतेय त्याची यादी येईल. सांबाचा ४४५ पोर्ट यादीत हवा. त्याच्या आधी १२७.०.०.१ असेल तर सेवा फक्त त्याच मशीनपुरती आहे. दोष सांबाच्या सेटिंगमध्ये शोधा.

आता दुसऱ्या लिनक्स मशीनवरून 'एनसी -व्हीझेड १९२.१६८.१.२० ४४५' (पत्ता तुमच्या सर्व्हरचा) चालवून पोर्टला जोडलं जातं का ते बघा. लगेच 'रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा सेवा बंद आहे किंवा फायरवॉलच्या नियमात 'रिजेक्ट' (नकार कळवून अडवणं) आहे. बराच वेळ थांबून 'टाइम्ड आउट' आलं तर पॅकेट वाटेत कुठेतरी गुपचूप टाकलं जातंय.

कुठे, ते टीसीपीडंप (मशीनवर येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) दाखवतं. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर. सर्व्हरवर 'सुडो टीसीपीडंप -एनआय एनी पोर्ट ४४५' चालू ठेवा आणि दुसरीकडून पुन्हा जोडून बघा. येणारं पॅकेट टीसीपीडंपला फायरवॉलच्या आधी दिसतं. म्हणून 'एस' खुणेची (जोडणी मागणाऱ्या पॅकेटची) ओळ पुन्हा पुन्हा येत असेल आणि उत्तराची एकही नसेल, तर अडवणारी बहुतेक याच मशीनची फायरवॉल. एकही ओळ आली नाही तर पाठवणाऱ्या मशीनकडे वळा.

कारखान्यात 'एस'च्या ओळींची रांगच लागली. 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड'मध्ये ४४५ ला परवानगी होती, पण फक्त १९२.१६८.०.०/२४ साठी, म्हणजे १९२.१६८.० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठी. आदल्या दिवशी राउटर बदलला होता आणि सर्व्हरसकट सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होऊ लागले होते. नियम मात्र जुन्याच पत्त्यांची वाट बघत बसलेला.

उपाय: 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ प्रोटो टीसीपी फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ४४५'. जुना नियम 'डिलीट' आणि त्याचा क्रमांक देऊन काढा. एक काढला की खालचे क्रमांक सरकतात, म्हणून दर वेळी यादी नव्याने बघा. यादीत जो नियम आधी जुळतो तोच चालतो. वर 'डिनाय' असेल तर खालचा 'अलाउ' उपयोगाचा नाही. सात रस्त्याजवळच्या घरून एसएसएचने (दूरून मशीनवर कमांड चालवायची सोय) हे करत असाल, तर तिच्या २२ पोर्टच्या नियमाला हात लावू नका, नाहीतर तुम्हीच बाहेर अडकाल.

शेवटी टीसीपीडंप पुन्हा लावा. 'एस'च्या ओळीपाठोपाठ सर्व्हरची उत्तराची ओळ दिसली, की फोल्डरवर क्लिक करा.