बाहाच्या टीममध्ये शिरण्याआधी कार्ट चालवा

बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बांधून उतरायची स्पर्धा. तिच्या टीमच्या वर्कशॉपमध्ये नवी मुलं आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठलं सॉफ्टवेअर शिकू?’ माझं उत्तरही ठरलेलं आहे. सॉफ्टवेअर शिकालच, पण आधी कुठेतरी भाड्याची गो-कार्ट चालवून या. ज्याला गाडी अंगाला जाणवलेली नाही, त्याने काढलेली शॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कागदावर छान दिसते आणि वळणावर हट्टीपणा करते.

कार्टमध्ये सस्पेन्शन नसतं, डिफरन्शिअलही (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मग गाडी वळते कशी? स्टीअरिंग फिरवलं की पुढच्या कास्टर कोनामुळे (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनामुळे) आतलं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर जातं. त्याने फ्रेमला पीळ बसतो आणि मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. म्हणजे फ्रेम हेच कार्टचं सस्पेन्शन. सीट थोडी मागे सरकवली किंवा टायरमधली हवा थोडी कमी केली, तरी गाडीचा स्वभाव बदलतो तो याच कारणाने. हे एकदा पाठीला कळलं की पुढे ‘टॉर्शनल स्टिफनेस’ (पिळाला विरोध करणारा कडकपणा) हा शब्द पाठ करावा लागत नाही.

साध्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या अ‍ॅक्सलवर असतो. वळणात शिरल्यावर दाबलात तर मागचा भाग पुढे येऊन गाडी गर्रकन फिरणार. सरळ रेषेत ब्रेक मारायचा, सोडायचा आणि मग वळायचं. डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, पण दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा सेंट्रिफ्युगल क्लच त्याने जळतो. दुसऱ्या दिवशी बरगड्या ठणकतील. नियमित चालवायचं असेल तर रिब प्रोटेक्टर घ्या, त्यात शौर्य दाखवण्यासारखं काही नाही.

जाता जाता एक गोष्ट. 1956 साली कॅलिफोर्नियात पहिली कार्ट बनवली ती आर्ट इंगल्स या रेसिंग गाड्या बांधणाऱ्या कारागिराने, गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून. या खेळाची सुरुवातच वेल्डिंगच्या टेबलावर झाली आहे, हे ज्युनिअर मुलांना मी मुद्दाम सांगतो.

बाहाचा कारभार याच्या उलट. 1976 मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झालेल्या एसएईच्या (ऑटोमोटिव्ह इंजिनिअरांच्या संस्थेच्या) या स्पर्धेत एका माणसाची ऑफ-रोड गाडी बांधायची असते. उंच ग्राउंड क्लिअरन्स, लांब सस्पेन्शन ट्रॅव्हल, चिखल, दगड, उड्या. इंजिन सगळ्यांना एकाच प्रकारचं. कित्येक वर्षं ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 10 हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं होतं. इंजिनात हात घालायला परवानगी नाही. मग फरक पडतो तो वजनात, सीव्हीटीच्या (पट्ट्यावर चालणाऱ्या आपोआप गिअरच्या) ट्युनिंगमध्ये आणि शेवटच्या चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीमध्ये गाडी शाबूत राहण्यात. माझ्या मते तिथे वेगवान गाडीपेक्षा न मोडणारी गाडी वर येते, आणि नव्या टीमला हे पटवणं फार कठीण असतं.

रोल केजच्या (ड्रायव्हरभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या) मुख्य नळीचा मूळ नियम असा: बाहेरचा व्यास 25 मिमी, जाडी 3 मिमी आणि पोलादात कार्बन किमान 0.18 टक्के. वेगळी नळी वापरायची तर तिची वाकण्याची ताकद आणि कडकपणा या नळीइतका तरी आहे, हे गणिताने दाखवावं लागतं. बरेच जण व्यास थोडा वाढवून पातळ 4130 (क्रोमोली पोलाद) घेतात. वजन वाचतं, पण पातळ नळीवर वेल्डरचा हात तयार लागतो.

हा हात तपासायला वेल्डचे नमुने द्यावे लागतात. एक जोड मुद्दाम तोडायचा. तुटली पाहिजे नळी, वेल्ड नव्हे. दुसरा उभा कापून पेनिट्रेशन, म्हणजे वेल्ड नळीत किती खोल गेलंय, ते दाखवायचं. वेल्ड फसतो तो बहुतेक वेळा त्याआधी, नॉचिंगमध्ये, म्हणजे नळीचं टोक दुसऱ्या नळीवर बसेल असं कापण्यात. दोन नळ्यांमध्ये खिळा शिरेल एवढी फट राहिली की वेल्डर ती भरत बसतो, उष्णता जास्त जाते, नळी ओढली जाते, आणि जिगमधून (नळ्या जागेवर धरणाऱ्या साच्यातून) फ्रेम काढल्यावर सस्पेन्शनचे माउंटिंग पॉइंट जागेवर नसतात. उपाय साधा आहे. कॅडमधून (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमधून) नॉचचा एकास-एक प्रिंट काढा, नळीला गुंडाळा, मार्किंग करा, ग्राइंडरने थोडं थोडं घासत बसवा. टॅक (छोटे ठिपक्यांचे वेल्ड) आधी सगळीकडे, पूर्ण वेल्ड नंतर, आणि तोही आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंना.

स्टीअरिंगचं एक काम जमिनीवरच उरकता येतं. शॉक अ‍ॅब्झॉर्बर काढा, चाक जॅकने खालपासून वरपर्यंत न्या आणि टो (वरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर वळलेलं असतं तो कोन) किती बदलतो ते मोजा. जास्त बदलत असेल तर तो बंप स्टीअर. टाय रॉडच्या (स्टीअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकाची उंची तपासा. आणि रॉड एंडवर (दांड्याच्या टोकाच्या, आटे असलेल्या सांध्यावर) बेंडिंग लोड, म्हणजे वाकवणारा भार, येऊ देऊ नका. आट्यांच्या मुळाशी तो तुटतो, तोही कसलीही सूचना न देता.

ब्रेकचे दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किट लागतात आणि चाचणीत चारही चाकं लॉक व्हावी लागतात. पेडल स्पंजसारखं लागलं तर आधी ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणं), मग बाकीचा विचार. ड्रायव्हरला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. हेल्मेट, बेल्ट, हातांचे पट्टे सगळं लावून याचा रोज सराव करा. टेक इन्स्पेक्शनच्या (स्पर्धेआधीच्या तांत्रिक तपासणीच्या) रांगेत शिकायची ही गोष्ट नाही.

गाडी स्पर्धेच्या किमान दोन महिने आधी स्वतःच्या चाकांवर फिरायला हवी. रंग, स्टिकर, बॉडी पॅनल नंतर. टॉर्क दिलेल्या (ठरावीक जोराने आवळलेल्या) प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढा, म्हणजे सैल झालेला बोल्ट नुसत्या नजरेने सापडतो. काय तुटलं, किती वेळ चालून तुटलं, हे वहीत लिहा. डिझाइन राउंडला ही वही कॉम्प्युटरवरच्या रंगीत स्ट्रेस प्लॉटपेक्षा (ताणाच्या चित्रापेक्षा) जास्त कामाला येते. ‘ही नळी इथेच का?’ या प्रश्नाला ‘सिम्युलेशनमध्ये सेफ आली’ हे उत्तर चालत नाही.

कॉस्ट रिपोर्ट आणि स्पॉन्सरशिप ही कामं उरलेल्या मुलांची, असं समजू नका. त्यालाही गुण असतात.

करिअरचं म्हणाल तर थेट रेसिंगमधल्या जागा थोड्या आहेत. व्हेइकल टेस्टिंग, सस्पेन्शन, प्रोटोटाइप वर्कशॉप इथे मात्र हा अनुभव मोजला जातो. मुलाखतीत ‘आमच्या टीमने केलं’ एवढ्यावर भागत नाही, तुम्ही काय केलं ते विचारतात. म्हणून पहिल्या वर्षी एकच भाग धरा. नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) घ्या, नाहीतर पेडल असेंब्ली. ड्रॉइंगपासून मशीनिंग, फिटिंग आणि तुटल्यावर बदलण्यापर्यंत तो तुमचाच राहू द्या.