गोव्याच्या परसात फुलझाडे लावताना

गोव्यात घराभोवतीची झाडे मरतात ती बहुतेक वेळा पाण्याअभावी नव्हे, तर जुलैत मुळांशी पाणी साचल्यामुळे. आणि जी जुलैतून तरतात, त्यांची दुसरी परीक्षा मे महिन्यात तापलेल्या जांभ्याच्या जमिनीत होते. म्हणून रोप घेताना फुलाच्या रंगाआधी ते हे दोन महिने कसे काढते, याची चौकशी करावी.

खड्डे मे महिन्यातच खणून ठेवावेत. मऊ मातीत दोन फुटांचा खड्डा चालतो, पण जांभ्यात तो तीन फूट लांब, रुंद आणि खोल घ्यावा आणि तळाचा कठीण थर पहारीने फोडावा, नाहीतर तो खड्डा रांजणासारखा पाणी धरून बसतो. पहिले चार-दोन पाऊस झाल्यावर त्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसेच दिसले, तर ती जागा बहाव्याची किंवा सोनचाफ्याची नव्हे. तिथे तामण लावावे, कारण ते मुळात ओहोळाकाठचे झाड असल्याने ओल सहन करते आणि एप्रिल-मेमध्ये जांभळ्या घोसांनी भरून जाते. खड्डा चांगले कुजलेले शेणखत मिसळलेल्या मातीने जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावा, कारण पावसात माती खाली बसतेच.

मिरगाची पहिली सर आली की सगळीकडे लावणीची घाई उडते, ती टाळावी. जमीन आतपर्यंत भिजल्यावर, जूनच्या मध्याला रोप लावावे, आणि तो मुहूर्त चुकलाच तर मुसळधार जुलै जाऊ देऊन ऑगस्टअखेरची उघडीप गाठावी. कलमाचा जोड मात्र मातीच्या वर राहिलाच पाहिजे. सोनचाफा कलमाचाच घ्यावा, कारण बियांपासून वाढवलेले झाड फुलायला कित्येक वर्षे लावते. भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, बाबतीत कारण वेगळे आहे: तिची नर आणि मादी झाडे निराळी असतात, बियांच्या रोपात कोणते निघेल ते लहानपणी कळत नाही, आणि आमसुलांच्या आशेने वाढवलेले झाड नर निघाले की फळाची आशा संपते.

झुडपांत अबोलीला गोव्यात पहिला मान आहे. तिला दुपारनंतर सावली आणि पाणी न साचणारा उंच वाफा हवा. तिची वाळलेली बोंडे ओली झाली की टचकन फुटून बी दूर उडते. म्हणून पिकलेली कणसे कापून कागदी पिशवीत ठेवावीत, वर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत आणि लगेच तोंड मिटावे. थोड्याच वेळात आत टपटप आवाज येऊ लागतो आणि बी आयते हाती लागते. दिल्ली अबोली नावाचा वाण मात्र बी धरत नाही, त्याच्या फांद्याच लावाव्या लागतात. मोगऱ्याचे पाणी नोव्हेंबरअखेरीस तोडून डिसेंबरात तो गुडघ्याएवढा छाटावा आणि मग खत-पाणी सुरू करावे. छाटण्याची दया येते, पण न छाटलेला मोगरा नुसती पाने वाढवतो. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर औषध शोधण्याआधी ती फांदी कापून दूर टाकावी. खुरचाफा लावणे सर्वांत सोपे: उन्हाळ्यात हातभर फांदी कापावी, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी आणि मग कोरड्या मातीत रोवावी.

बहुवार्षिक कंदांत सोनटक्का ओलीचा प्रेमी आहे. न्हाणीघराच्या सांडपाण्याची वाट त्यालाच द्यावी, म्हणजे पावसाळ्यात संध्याकाळचा वास घरभर येतो. भुईचाफ्याची रीत उलटी आहे. हिवाळ्यात त्याची पाने सुकून जागा मोकळी दिसते, आणि उन्हाळ्यात एकही पान नसताना जांभळट पांढरी फुले थेट मातीतून वर येतात. त्या मधल्या महिन्यांत तिथे पाणी घालू नये आणि जागेवर चिऱ्याचा एक तुकडा खूण म्हणून ठेवावा. मी तो ठेवला नव्हता, आणि एका जानेवारीत लिंबाच्या कलमासाठी खड्डा खणताना पहारीच्या पहिल्याच घावात माझ्या भुईचाफ्याचे चार तुकडे झाले. तीन कुजले, डोळा शाबूत असलेला चौथा राखेत घोळून कुंडीत लावला, तो जूनमध्ये फुटला.