प्रोस्टेट कॅन्सरचं औषध ‘फेल’ गेलं? पुढचं औषध धरण्याआधी या चुका टाळा

बाबांचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरची हालचाल दाखवणारा रक्तातला आकडा, ०.८ वरून ४.६ वर गेला, त्या संध्याकाळी आमच्या डोंबिवलीच्या घरात कुणी चहासुद्धा टाकला नाही. एन्झाल्युटामाइड ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी सुरू होऊन चौदा महिने झाले होते. गोळी फेल गेली, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं आणि रात्री अडीचपर्यंत मोबाइलवर केमो, ल्युटेशियम, जर्मनी असं काय काय वाचत बसलो. सकाळच्या लोकलने परळ गाठलं. ओपीडीतल्या ज्युनिअर डॉक्टर बाईंनी फाइल चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "तीन महिन्यांचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत?"

मी गप्प. ऑगस्टमध्ये घ्यायचं होतं. गणपतीला गावी गेलो, मग बाबांना ताप आला, मग केमिस्टकडे माल नव्हता. जवळजवळ दोन महिने उलटून गेले होते. "गोळी चालू आहे ना, मग इंजेक्शन जरा पुढे गेलं तर काय," असं आम्हाला वाटलं, आणि हीच पहिली आणि सगळ्यात महागातली चूक. हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो आणि इंजेक्शन ते हार्मोन खाली ठेवतं. गोळी इंजेक्शनच्या जोडीने काम करते, त्याच्या जागी नाही. टेस्टोस्टेरॉनची तपासणी केली तर ११८ आलं. ते ५० च्या खाली असताना आजार वाढला, तरच हार्मोन रोखण्याचा उपचार चालेनासा झाला असं म्हणतात. इंजेक्शन दिलं, पीएसए उतरला, आणि त्याच गोळीवर आणखी सात महिने निघाले. म्हणून पीएसए चढला की त्याच दिवशी टेस्टोस्टेरॉनही करून घ्या. तपासणी साधी रक्ताची आहे, पण आपणहून कुणी सुचवेलच असं नाही.

पुढे केमो सुरू झाली तरी इंजेक्शन बंद करायचं नसतं, हेही लगे हाथ सांगतो. ज्यांनी अंडकोष काढण्याचं ऑपरेशन करून घेतलंय, त्यांना ही कटकट नाही. खर्चाच्या दृष्टीनेही ते ऑपरेशन वाईट नाही. पुरुषमंडळींना ते ऐकवत नाही, तो भाग वेगळा.

सात महिन्यांनी मात्र आजार खरंच वाढला. टेस्टोस्टेरॉन १२, पीएसए १९, बोन स्कॅनमध्ये कमरेच्या हाडात दोन नवे डाग. एका खासगी हॉस्पिटलात "आता दुसरी गोळी देऊ, अबिराटेरोन" असं पाच मिनिटांत सांगून आम्हाला बाहेर काढलं. गोळी म्हटलं की घरच्यांनाही बरं वाटतं: सुई नाही, केस जायचे नाहीत, सून सोबत नसली तरी चालतं. पण एक गोळी थकल्यावर तिच्याच जातीची दुसरी बहुतेकांना फारशी साथ देत नाही. २०१९ मध्ये कार्ड नावाच्या चाचणीचे निकाल आले. ज्यांची डोसेटॅक्सेल ही आधीची केमो होऊन गेली होती आणि एका गोळीवर वर्षभरात आजार वाढला होता, अशा पुरुषांना एका बाजूला दुसरी गोळी दिली, दुसऱ्या बाजूला कॅबाझिटॅक्सेल ही पुढची केमो. केमोवाल्यांचा आजार स्कॅनमध्ये साधारण ८ महिने आवरलेला राहिला, गोळीवाल्यांचा ३.७ महिने. बाबांची डोसेटॅक्सेल तोवर झालेलीच नव्हती, म्हणजे रांगेत आधी तिचा नंबर. अर्थात ऐंशीच्या घरातल्या, खंगलेल्या माणसाला केमो झेपणार नसेल तर गोळीच बरी. पण ते ठरवून व्हावं, सवयीने नको.

केमोच्या पहिल्या दोन सायकलनंतर बाबांचा पीएसए उलट वाढला आणि काका म्हणाले, बंद करा, पैसे पाण्यात. पहिल्या बारा आठवड्यांत असा चढउतार होऊ शकतो. दुखणं वाढलं नसेल आणि स्कॅन चिघळला नसेल, तर एकट्या आकड्यावरून औषध सोडत नाहीत. याच्या उलटही घडतं. पीएसए खाली पण लिव्हरमध्ये गाठी, वजन उतरतंय. तेव्हा आजाराने जात बदलली असू शकते, मग नव्याने बायोप्सी आणि वेगळी, प्लॅटिनमवाली केमो.

जनुकांची तपासणी पुढे ढकलणं ही आणखी एक चूक. बीआरसीए जनुकात बिघाड सापडला तर ओलापॅरिब नावाची गोळी उपयोगी पडते. अमेरिकेत ती या आजारासाठी २०२० मध्ये मंजूर झाली. तपासणीला बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक लागतो. तो ज्या लॅबमध्ये पहिली बायोप्सी झाली तिथेच पडून असतो, आणि जुना होत गेला की त्यातून निकाल यायची शक्यताही कमी होत जाते. आमचा ठाण्याच्या एका लॅबमधून मिळवायला अर्ज, आधार कार्ड आणि तीन फेऱ्या लागल्या. बिघाड जन्मजात निघाला तर बहिणी-मुलींनाही स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका असू शकतो, म्हणून हा कागद एकट्या बाबांच्या फाइलचा नाही.

आता ल्युटेशियम, ज्यासाठी मी रात्रीत जर्मनीपर्यंत पोचलो होतो. हे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. ते कॅन्सरच्या पेशीवरच्या पीएसएमए नावाच्या खुणेला जाऊन चिकटतं आणि तिथेच मारा करतं. ते ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळमध्येच आहे. २०२१ च्या व्हिजन चाचणीत, गोळी आणि केमो दोन्ही होऊन गेलेल्या रुग्णांचं सरासरी आयुष्य ११.३ वरून १५.३ महिन्यांवर गेलं. मुळापासून बरं करणारं औषध नव्हे, हे घरात आधीच बोलून ठेवा. लोक चूक करतात ती अशी, की पीएसएमए पेट स्कॅन न करताच पैसे जमवायला लागतात. स्कॅनमध्ये गाठी उजळल्याच नाहीत तर औषध चिकटणार कशाला? शिवाय रक्ताच्या पेशी आणि किडनी धड असावी लागते. तोंड कोरडं पडतं. बाबांना चपाती आमटीत बुडवल्याशिवाय गिळवेना. डोसनंतर काही दिवस नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, हे सांगणं सगळ्यात जड गेलं.

बारीकसारीक चुका भराभर सांगतो. हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब सुरू होण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या. नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. अबिराटेरोन उपाशीपोटी घ्यायला सांगितली असेल तर साबुदाणा खिचडीबरोबर नको, जेवणाबरोबर तिचं रक्तातलं प्रमाण कैक पटीने वाढतं. तिच्या जोडीची प्रेडनिसोलोन ‘स्टिरॉइड वाईट’ म्हणून मनाने थांबवू नका. एन्झाल्युटामाइड घेणाऱ्याला कधी फिट आली असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगा. शेजारच्यांनी दिलेली पावडरही सांगा, डॉक्टर रागावले तरी.

एका चुकीला मात्र दुसरी संधी नाही. आमच्या जुन्या चाळीतल्या एका काकांची चप्पल चालताना पायातून सुटायची आणि त्यांना कळायचं नाही. पाठ आठवडाभर दुखत होती. घरच्यांनी गॅस म्हणून, मग नस आखडली म्हणून मालिशवाल्याला बोलावलं. लघवी अडली तेव्हा हॉस्पिटलात नेलं. मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला होता. पुढे ते चालले नाहीत. उपचार सुरू होताना माणूस जितका चालता असतो, साधारण तितकाच तो नंतर चालता राहतो. पाठदुखीसोबत पाय जड वाटणं, मुंग्या, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. रात्र असली तरी कॅज्युअल्टीत जा, हाडात कॅन्सर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि पूर्ण मणक्याचा एमआरआय मागा.

दुखणं सोसत बसायचीही गरज नसते. एका हाडात कळ असेल तर रेडिएशनचा एकच डोस पुष्कळांना आराम देतो. मॉर्फिनच्या गोळ्या म्हणजे शेवट आला, असं आईला वाटायचं. त्या सुरू झाल्यावर बाबा चार महिन्यांनी पहिल्यांदा गच्चीत जाऊन बसले.

आता आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयवर इंजेक्शनच्या तारखा लाल पेनाने, ल्युटेशियमच्या निळ्याने. मागच्या पानावर चार रकाने आहेत: तारीख, पीएसए, टेस्टोस्टेरॉन, औषध. ओपीडीत फाइलच्या आधी मी तेच पान पुढे करतो.