ज्यांना फारसं हलता येत नाही अशा पेशंटसाठी इंटरॲक्टिव्ह आर्ट कसं करायचं

इंटरॲक्टिव्ह आर्ट म्हणजे बघणाऱ्याच्या हालचालीने बदलणारं चित्र, सेन्सर हालचाल टिपतो आणि प्रोजेक्टर चित्र भिंतीवर दाखवतो. पण प्रोजेक्टर कुठला, सेन्सर कुठला हे नंतर बघू. आधी त्या माणसाला काय हलवता येतंय आणि न दुखता कितीदा, ते बघा. एक बोट, भुवई, हनुवटी, फुंकर, नजर, काहीही चालतं. फिजिओला विचारा, पण त्याआधी पेशंटलाच विचारा.

मग जेवढी हालचाल आहे तेवढ्यातच सगळं चित्र बसवायचं. समजा बोट दोनच सेंटिमीटर सरकतंय, तर त्या दोन सेंटिमीटरमध्ये रंग भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला पाहिजे. हे सेटिंग दरवेळी नव्याने करा, कारण सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात सारखा नसतो, औषधाच्या वेळा असतात, थकवा असतो. हात थरथरत असेल तर सेन्सरच्या शेवटच्या काही रीडिंगची सरासरी घ्या, रेष स्थिर होते, पण सरासरी जास्त ताणली की रेष मागे रेंगाळते आणि "हे मी केलं" असं वाटणंच बंद होतं. माझ्या मते थोडी थरथर दिसली तरी चालेल, उशीर नको.

महागडं सामान लागतंच असं नाही. 2009 साली एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जासंस्थेचा आजार) झालेल्या एका ग्राफिटी आर्टिस्टसाठी, म्हणजे भिंतींवर चित्रं काढणाऱ्या कलाकारासाठी, नजर टिपणारा आयरायटर बनवला गेला, साधा चष्मा आणि गेमिंगचा कॅमेरा वापरून, आणि त्यावर तो फक्त डोळ्यांनी चित्र काढायला लागला. नजरेवर काम करत असाल तर एखाद्या जागी साधारण सेकंदभर बघितल्यावरच ती निवडली जाऊ दे आणि ही वेळ कमीजास्त करता आली पाहिजे, नाहीतर जिथे बघावं तिथे क्लिक होत राहतं.

झोपून असणाऱ्यांसाठी छतावर प्रोजेक्शन करा, फक्त प्रोजेक्टरचा झोत डोळ्यात जाऊ देऊ नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही फ्लॅश होता कामा नये, फिट येण्याचा धोका असतो. हात लागेल ते सगळं पुसता येणारं हवं.

स्कोअर नको, टायमर नको. पेशंट नुसतंच बघत पडला तरी चित्र हळूहळू चालू राहू दे, स्क्रीन काळी झाली की आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं त्यांना. आणि थांबवायचं बटण त्यांच्याच हालचालीवर ठेवा, नातेवाइकांच्या हातातल्या रिमोटवर नको.