ओपनलेन्सवरून फ्रीलेन्सवर: क्लस्टर का जोडलं जात नाही आणि काय करायचं

कुबरनेटिस (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी प्रणाली) क्लस्टर हाताळायचं ओपनलेन्स हे अ‍ॅप अजून वापरत असाल तर आता बदला. ६.३ पासून त्यातली पॉडचे (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाचे) लॉग आणि शेल उघडायची बटणं गेली, ती परत आणायला वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागायचं, आणि पुढे ते ज्यावर बेतलेलं होतं त्या लेन्सचा सोर्सच बंद झाला. त्याच कोडमधून निघालेला फ्रीलेन्स एमआयटी परवान्याखाली सुरू आहे आणि ही बटणं त्यात मुळातच आहेत. ते जुनं एक्स्टेन्शन पुन्हा टाकू नका.

इन्स्टॉल करण्यात फारसं काही नाही. मॅकवर होमब्रू, विंडोजवर विंगेट, लिनक्सवर डेब, आरपीएम, अ‍ॅपइमेज किंवा फ्लॅटपॅक. लिनक्सवर जमेल तर डेब किंवा आरपीएमच घ्या. फ्लॅटपॅक सँडबॉक्समध्ये चालतो, मशीनवरची लॉगिनची टूल्स त्याला सरळ दिसत नाहीत, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. क्लस्टरची यादी क्यूबकॉन्फिगमधून (क्लस्टरचे पत्ते आणि लॉगिनची माहिती ठेवणारी फाइल) आपोआप येते; पण प्रोमिथियसचा (आकडेवारी गोळा करणारं टूल) पत्ता, नेमस्पेसची (क्लस्टरमधल्या कप्प्यांची) यादी अशा क्लस्टरच्या सेटिंग्ज जुन्या अ‍ॅपमधून टिपून ठेवा, त्या पुन्हा भराव्या लागतात.

लॉगिन होत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. टर्मिनलमध्ये क्यूबसीटीएल (कुबरनेटिसची कमांड) व्यवस्थित चालतं, अ‍ॅपमध्ये मात्र ‘एक्झिक्युटेबल एडब्ल्यूएस नॉट फाउंड’ (एडब्ल्यूएस ही अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची कमांड). मॅकवर डॉकमधून उघडलेल्या अ‍ॅपला तुमच्या शेलचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरची यादी) मिळत नाही. सिस्टिमचे चार-पाच मूळ फोल्डर तेवढे मिळतात. अ‍ॅपल सिलिकॉनवर होमब्रूची टूल्स ‘/ऑप्ट/होमब्रू/बिन’ मध्ये असतात, म्हणजे त्या पाथच्या बाहेर.

ही उणीव भरून काढायला फ्रीलेन्स सुरू होताना तुमचं लॉगिन शेल मागे चालवून त्यातले व्हेरिएबल उचलतो. पण झेडएसएचआरसी या शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये ‘अपडेट करू का?’ असं विचारणारी एखादी ओळ असली, किंवा ती फाइल संपायलाच फार वेळ लागत असला, की हे उचलणं अर्धवट राहतं. अशी ओळ काढा. तरी अडलं तर क्यूबकॉन्फिग उघडा, त्या युजरखालच्या ‘एक्झेक’ भागात ‘कमांड’ पुढे नुसतं ‘एडब्ल्यूएस’ असेल तिथे ‘व्हिच एडब्ल्यूएस’ ने दाखवलेला पूर्ण पाथ लिहा. हा उपाय सगळ्यात खात्रीचा. जीकेईच्या (गूगलची कुबरनेटिस सेवा) ऑथ प्लगइनला आणि क्यूबलॉगिन या लॉगिन टूललाही तोच लागू पडतो.

त्याच भागात ‘एपीआयव्हर्जन’ ची ओळ बघा. शेवटी ‘व्ही१अल्फा१’ असेल तर कुबरनेटिस १.२४ पासूनचे क्लायंट ती फाइल नाकारतात. हाताने बदलत बसू नका. आधी एडब्ल्यूएस सीएलआय नवं करा, मग त्याच्या ‘ईकेएस अपडेट-क्यूबकॉन्फिग’ (ईकेएस म्हणजे अ‍ॅमेझॉनची कुबरनेटिस सेवा) ने नोंद पुन्हा लिहून घ्या. ती ‘व्ही१बीटा१’ येते. पूर्ण पाथ टाकला असेल तर यानंतर तो पुन्हा टाका.

जोडलं गेलं, पण सगळं रिकामं

हा अ‍ॅपचा बग समजून लोक रीइन्स्टॉल करत बसतात. बहुतेक वेळा प्रश्न परवानगीचा असतो. टर्मिनलमध्ये ‘क्यूबसीटीएल ऑथ कॅन-आय लिस्ट नेमस्पेसेस’ चालवा. ‘नो’ आलं तर क्लस्टरच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबल नेमस्पेसेस’ खाली तुमची नेमस्पेस एकेक करून भरा. नेमस्पेस ही क्लस्टर पातळीची वस्तू आहे. रोलबाइंडिंगने (परवानगी जोडून देणारी नोंद) एका नेमस्पेसपुरता ‘व्ह्यू’ (फक्त वाचायचा अधिकार) दिलेल्या माणसाला पूर्ण यादी मागता येत नाही, मग अ‍ॅप तरी कुठून आणणार?

‘व्ह्यू’ मध्ये सिक्रेट (पासवर्डसारखा गुप्त मजकूर) वाचायचीही मुभा नाही. हेल्म हे कुबरनेटिसवर पॅकेज बसवायचं टूल आपली प्रत्येक रिलीज सिक्रेट म्हणून ठेवतं, म्हणून हेल्मचं पान कोरं दिसतं. नोड्सही (क्लस्टरमधली मशीन) ‘व्ह्यू’ मध्ये येत नाहीत. यासाठी सरसकट ‘क्लस्टर-अ‍ॅडमिन’ मागू नका, देऊही नका. नोड्ससाठी ते वाचण्यापुरता छोटा क्लस्टररोल (अख्ख्या क्लस्टरला लागू परवानग्यांचा संच) पुरतो.

आलेख येत नाहीत

सेटिंग्जमधल्या मेट्रिक्सच्या पानावर प्रोमिथियस आपोआप शोधण्यावर विसंबू नका, पत्ता स्वतः लिहा. क्रम असा: नेमस्पेस, तिरकी रेघ, सर्व्हिसचं नाव, अपूर्णविराम (:), पोर्ट. ‘क्यूब-प्रोमिथियस-स्टॅक’ हे हेल्म पॅकेज त्याच नावाने ‘मॉनिटरिंग’ मध्ये बसवलं असेल तर ‘मॉनिटरिंग/क्यूब-प्रोमिथियस-स्टॅक-प्रोमिथियस:९०९०’, अर्थात तिथे रोमन लिपीत. पुढे ‘एचटीटीपी’ लावू नका. ही मागणी एपीआय सर्व्हरच्या (क्लस्टरचं मुख्य दार) प्रॉक्सीतून जाते, तेव्हा युजरला ‘सर्व्हिसेस/प्रॉक्सी’ ची परवानगीही लागते.

क्यूबसीटीएल आणि नोड शेल

अ‍ॅप क्लस्टरला जुळेल असं क्यूबसीटीएल स्वतः डाउनलोड करतं. ऑफिसचं नेटवर्क ते अडवत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये डाउनलोड बंद करून आपल्या फाइलचा पाथ द्या. एपीआय सर्व्हरपेक्षा एक मायनर व्हर्जन मागे किंवा पुढे चालतं, त्याहून जास्त फरक नको.

नोड शेल उघडलं की ‘क्यूब-सिस्टिम’ मध्ये प्रिव्हिलेज्ड (जादा अधिकारांचा) पॉड तयार होतो. इंटरनेट नसलेल्या क्लस्टरवर त्याची इमेज खेचली जात नाही. सेटिंग्जमध्ये ‘नोड शेल’ खाली आपल्या रजिस्ट्रीतली इमेज आणि पुल सिक्रेट भरा. काम झाल्यावर शेलचा टॅब नीट बंद करा. अ‍ॅप मध्येच बंद पडलं तर तो पॉड नोडवर पूर्ण ताबा घेऊन तसाच चालू राहू शकतो. ‘क्यूब-सिस्टिम’ मध्ये ‘नोड-शेल’ ने सुरू होणारी नावं शोधा आणि वापरात नसलेले पॉड लगेच डिलीट करा.