क्लोझापाइन चालू आहे? या चुका टाळा

गणपतीला गावी यायच्या गडबडीत गोळ्यांची पिशवी मुंबईच्या घरीच राहते. तीन दिवसांनी कुणीतरी ती आणून देतं आणि घरचे रात्रीचा नेहमीचा ३०० मिग्रॅचा डोस देऊन मोकळे होतात. क्लोझापाइन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाच्या बाबतीत याहून मोठी चूक नाही. शेवटच्या डोसला ४८ तास उलटले की शरीराची सवय मोडते. एकदम पूर्ण डोस पडला तर रक्तदाब उतरून माणूस उभ्याउभ्या कोसळतो, क्वचित फीटही येते. अशा वेळी आधी डॉक्टरांना फोन. सुरुवात पुन्हा १२.५ मिग्रॅपासून, म्हणजे २५च्या अर्ध्या गोळीपासून होते. पुढची चढण तेच ठरवतील. एखादीच रात्र चुकली असेल तर पुढचा डोस नेहमीच्या वेळी, दुप्पट नाही. लांबून रत्नागिरीला ओपीडीसाठी येणाऱ्यांनी गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच निघावं. पावसात घाट कधी बंद होईल, सांगता येत नाही.

पावसाळ्यात ताप म्हटलं की मलेरिया, डेंग्यू, नाहीतर लावणीच्या चिखलातला लेप्टो. पण या औषधावरच्या माणसाचा ताप किंवा घसादुखी पॅरासिटामॉलवर काढू नका. क्लोझापाइन क्वचित रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी करतं, म्हणून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा. रिपोर्टवर बहुतेकदा न्यूट्रोफिलची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) टक्केवारीच असते. हिशेब स्वतः करा. एकूण पांढऱ्या पेशी ४००० आणि न्यूट्रोफिल ३५ टक्के, तर आकडा १४००. १५००च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची गोळी नाही. पहिले १८ आठवडे धोका सर्वाधिक, म्हणून तेव्हा दर आठवड्याला रक्त तपासायचं. सुरुवातीच्या दोन महिन्यांत तापाबरोबर छातीत दुखलं किंवा धाप लागली तर हृदयाला सूज असू शकते. थेट हॉस्पिटल गाठा.

विडीचं गणित फारसं कुणी सांगत नाही. धुरामुळे यकृत हे औषध लवकर मोडतं. श्रावण पाळायचा म्हणून विडी अचानक सोडली की तोच डोस जड होतो: दिवसभर गुंगी, लाळ, कधी फीट. विडी जरूर सोडा, पण आधी डॉक्टरांना सांगून. ते डोस उतरवतील. तंबाखू-मशेरीने असं होत नाही (तोंडाचं काय होतं तो विषय निराळा). जुलाबावर मेडिकलमधून परस्पर आणलेली सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकची गोळीही क्लोझापाइनची रक्तातली पातळी अशीच चढवते.

उशी भिजवणाऱ्या लाळेची तक्रार सगळे करतात, शौचाला होत नाही हे सांगायला मात्र लाजतात. खरा धोका तिथे आहे. आतड्यांची हालचालच मंदावते, त्यामुळे नुसत्या इसबगोलावर विसंबू नका. रेचक डॉक्टरांकडून लिहून घ्या. पोट फुगून दुखायला लागलं, उलट्या झाल्या तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या.