प्रत्येक बॅटरीला स्वतःचं पान द्या

पुण्याजवळच्या मांजरी गावाहून मी फवारणीचा ड्रोन घेऊन उरुळी कांचन, यवत, केडगावपर्यंत जाते. दहा लिटरची टाकी, एका उड्डाणाला सहा सेलच्या, म्हणजे आत सहा छोटे घटक असलेल्या, दोन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या, अशा माझ्याकडे चार जोड्या आहेत. पूर्वी मी वहीत तारखेप्रमाणे लिहायची: आज अमुक शेत, इतके एकर, इतकी उड्डाणं. बिलाला ते पुरतं. बॅटरीचं दुखणं मात्र त्यातून कळत नाही.

गेल्या मेमध्ये यवतजवळ उसावर फवारणी चालू होती. टाकी निम्मी भरलेली असतानाच व्होल्टेज झपकन खाली गेला. ड्रोन कसाबसा बांधावर उतरवला. रात्री वही चाळली, तर 3 नंबर बॅटरीचा चौथा सेल तीन आठवड्यांपासून मागे पडत होता. नोंद मीच केलेली होती, पण अकरा पानांवर विखुरलेली. एकाखाली एक असती, तर पहिल्याच आठवड्यात नजरेत भरली असती.

म्हणून आता अप्पा बळवंत चौकातून आणलेली जाड पुठ्ठ्याची आडवी वही, आणि प्रत्येक बॅटरीला चार पानं. बॅटरीवर पांढऱ्या पेंटमार्करने नंबर आणि वापर सुरू केल्याची तारीख घाला. कागदी स्टिकर औषधाच्या पाण्याने दोन दिवसांत निघतो. जोडी कधी मोडू नका. बैलजोडीसारखंच आहे, एक थकला की दुसऱ्यावर ओढ येते.

रकाने थोडेच ठेवा, नाहीतर आठ दिवसांत लिहिणं बंद पडतं. तारीख, उडताना व्होल्टेज, उतरल्यावर व्होल्टेज, मिनिटं आणि सर्वांत वरच्या व खालच्या सेलमधला फरक. पूर्ण चार्ज म्हणजे सेलला 4.2 व्होल्ट, सहा सेलचे 25.2. फरक मी उतरल्यावर दहा मिनिटं थांबून मोजते, दरवेळी तितकीच. तपासायचं छोटं यंत्र बुधवार पेठेत मिळतं. फरक 0.03 च्या आत असला की मी निश्चिंत असते. 0.1 दिसला की त्या ओळीवर लाल खूण करते आणि ती जोडी त्या दिवशी पुन्हा उडवत नाही. दिराने "वहिनी, एवढं एकच एकर राहिलंय" म्हटलं तरी नाही.

लिहायचं शेतातच. घरी जाऊन आठवून लिहिलेला आकडा मी धरत नाही. ओल्या हाताला जेल पेन फिसकटतं, साधं बॉलपेन बरं.

महिन्यातून एकदा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आत विजेला होणारा अडथळा, मोजा. बॅटरी थंड असताना तो जास्त दाखवतो, म्हणून पूर्ण चार्ज करून, सकाळी त्याच खोलीत, त्याच चार्जरवर. आकड्यापेक्षा त्याची चाल बघायची: नवी असतानाच्या दुप्पट झाला की ती बॅटरी भरल्या टाकीला लावत नाही.

दोन-तीन दिवस काम नसेल तर सेल 3.8 ते 3.85 वर आणून ठेवा आणि तेही वहीत लिहा. पुण्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीत बॅटऱ्या ठेवू नका. उतरल्यावर हाताला गरम लागते तोवर चार्जिंगला लावू नका.

ड्रोनची पानं वहीच्या मागून सुरू करा. पहिल्या पानावर यूआयएन (ड्रोनचा सरकारी नोंदणी क्रमांक), मग पंख्याची पाती, मोटरचा आवाज, ड्रोनच्या हातांचे स्क्रू, कनेक्टर काळा पडला का, नोझल कधी धुतले. पात्याला नखाला जाणवेल एवढी खाच असली तरी पातं बदलायचं आणि तारीख टाकायची.

फुगलेली बॅटरी टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. तिच्या पानावर मी शेवटची तारीख आणि कारण लिहून आडवी रेघ मारते. नंबर पुन्हा वापरत नाही. 3 च्या जागी आलेली बॅटरी माझ्या वहीत 9 आहे.